पहिली सुई कोणाला टोचावी?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे लातूरला किंवा नांदेडला शिकत असतील, त्यांना सराव म्हणजे काय हे मी सांगायला नको. दहावी संपते न संपते तोच मोठी भावंडे शिकवणीच्या वाटेला लागतात. भाड्याच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक, उशाशी सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. एक प्रश्नपत्रिका सोडवायची, चुका लाल शाईने खुणावायच्या आणि दुसरी हाती घ्यायची. 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्याचा साऱ्या महाराष्ट्रात बोलबाला झाला, त्यात गुपित असे फारसे नाहीच. परीक्षेच्या दिवशी समोर येणारे गणित आयुष्यातले पहिले गणित असता कामा नये, एवढीच त्यातली मेख आहे.

या मुलांपैकी काही पुढे डॉक्टर होतात, काही पशुवैद्य, तर काही औषधनिर्माणशास्त्राकडे वळतात. मग कधीतरी त्यांच्या हाती सुई लावलेली पिचकारी येते आणि समोर एक जिवंत प्राणी असतो. पुष्कळदा ती त्या हाताची अगदी पहिली सुई असते. इतकी वर्षे जिच्यावाचून पान हलत नव्हते, ती सराव प्रश्नपत्रिका येथे कोठे गेली? गणित चुकले तर गुण आपले जातात. सुई चुकली तर त्याचा भुर्दंड दुसऱ्यालाच पडतो, आणि त्या दुसऱ्याला तक्रारही करता येत नाही.

हा भुर्दंड मी स्वतः एका उंदराला भरायला लावला आहे. चाळीसएक वर्षे झाली त्याला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही बाराजण आणि पांढरा उंदीर एक. त्याच्या शेपटीच्या नीलेतून झोपेचे औषध द्यायचे आणि तो किती वेळात झोपतो ते घड्याळ लावून पाहायचे, असा प्रयोग होता. सरांनी फळ्यावर आकृती काढून दिली होती. आकृतीतली नीला निळ्या खडूची, बोटाएवढी जाड! प्रत्यक्षात शेपटीवर मला काहीच दिसेना. पहिली खेप चुकली, दुसरी चुकली. सहाव्या खेपेपर्यंत शेपटी काळीनिळी पडली होती. सातव्यांदा मी सुई उचलली तेव्हा उंदरांना चारा-पाणी करणारे मामा म्हणाले, "पुरे कर बाबा आता. त्या जिवाला शेपटी राहिली नाही." मी तरीही टोचले. औषध कोठे गेले कोण जाणे. नीलेत मात्र गेले नाही. उंदीर झोपला नाही. वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'औषधाचा परिणाम आढळला नाही', आणि त्याखाली सही झाली.

त्या वहीतले ते वाक्य मला उंदराच्या शेपटीइतकेच बोचते. औषध चांगलेच होते. परिणाम 'आढळला नाही' तो माझ्या हातामुळे. म्हणजे त्या दिवशी मी एका प्राण्याला विनाकारण यातना दिल्याच, वर विज्ञानाच्या नावाखाली खोटे निरीक्षणही नोंदवले. या दोन चुका वेगळ्या नाहीत, हे तुम्हाला पटवून द्यावे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

तुम्ही विचाराल, मुळात उंदराला टोचायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. तुमच्या गावातलेच उदाहरण घेऊ. सोयाबीनच्या काढणीचे दिवस आहेत. बाई वाकून पीक कापीत आहे आणि पाल्यात घोणस आहे. दंश झाला की तिला रुग्णालयात नेतात आणि सर्पविषावरचे प्रतिविष शिरेतून देतात. हे प्रतिविष घोड्यांपासून मिळते. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा देऊन ती हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी करून शुद्ध केली की झाले प्रतिविष. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे.

त्या कुपीवर काय लिहिलेले असते, कधी पाहिले आहे काय? एक मिलिलिटर प्रतिविष नागाचे व घोणशीचे प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, असा तो मजकूर असतो. हे आकडे मोजायचे कसे? विष आणि प्रतिविष ठरावीक प्रमाणात मिसळतात. हे मिश्रण शरीराच्या तापमानाला, म्हणजे 37 अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवतात आणि मग छोट्या पांढऱ्या उंदरांच्या शेपटीतील नीलेत टोचतात. किती उंदीर वाचले यावरून प्रतिविषाची ताकद ठरते. उंदरांवाचून ही मोजणी करण्याच्या पद्धती शोधण्याचे काम जगात चालू आहे आणि ते यशस्वी व्हावे अशीच आपली इच्छा असणार. पण आजही ही परीक्षा उंदराच्या शेपटीवरच होते.

आता थोडे डोके चालवा. टोचणाऱ्याची सुई नीलेत न जाता बाजूच्या मांसात गेली, तर काय होईल? विष रक्तात एकदम पोहोचणार नाही. उंदीर कदाचित वाचेल. पाहणारा म्हणेल, वा, प्रतिविष चांगले प्रभावी आहे! प्रत्यक्षात प्रभावी वगैरे काही नाही, सुई चुकली होती. असे दोन-चार उंदीर चुकीच्या रकान्यात जाऊन बसले तर कुपीवरचा आकडा डळमळीत होतो. आणि त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर किती कुप्या द्यायच्या ते ठरवतात. म्हणून अशा ठिकाणी कसलेली माणसे हे काम करतात आणि शंकास्पद टोचणी बाद धरतात. पण कसलेली माणसेही कधीतरी नवखी होतीच ना? ती कोणावर शिकली?

हे काम किती नाजूक आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशील सांगतो. प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर असतात. एक मोठा, अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरणारा आणि दुसरा पिटुकला, वीस-पंचवीस ग्रॅमचा. दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवा. जवळजवळ तेवढेच या पिटुकल्याचे वजन! त्याच्या अंगातले सारे रक्त दोन मिलिलिटरच्या आतबाहेर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही. शेपटीच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली एकेक नीला असते आणि खालच्या अंगाला रोहिणी. सुई अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. नीला दिसावी म्हणून शेपटी आधी कोमट पाण्याने शेकतात. उबेने रक्तवाहिन्या फुगतात, हे तुम्ही शिकला आहात. मग सुई जवळजवळ आडवी धरून कातडीखाली सरकवायची. ती बरोबर गेली तर दट्ट्या सहज पुढे जातो आणि औषधाच्या लोंढ्याने नीलेचा रंग क्षणभर फिका पडतो. चुकली तर दट्ट्या अडतो, शेपटीवर टेंगूळ येते. आणखी एक युक्ती अशी की पहिली सुई शेपटीच्या टोकाकडे टोचायची. ती चुकली तर वर सरकायला जागा उरते. मी पहिलीच सुई बुडाशी टोचली होती! हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. सांगितले होते, पण हाताला ऐकू येत नाही.

आपल्या देशातल्या कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. 1960 सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा तुम्ही ऐकून असाल. राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी मोठा आग्रह धरला होता. या कायद्याच्या सतराव्या कलमात, प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीने कशाकशाची काळजी घ्यावी, हे सांगितले आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जेथे पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी तितकेच चांगले शिकवता येते, तेथे, विशेषतः महाविद्यालयांतून, प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, ही पहिली. आणि केवळ हाताला सफाई यावी एवढ्यासाठी शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, ही दुसरी. पाहा, 1960 साली कायद्यात 'प्रतिकृती' हा शब्द आहे आणि 'हाताची सफाई'ही आहे. माझा तो उंदीर यानंतर वीसेक वर्षांनी त्या टेबलावर आला होता.

योगायोग असा की याच्या आदल्याच वर्षी, 1959 मध्ये, इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी एक पुस्तक लिहून तीन सूत्रे मांडली. जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा. वापरायचेच तर कमीत कमी प्राणी वापरा. आणि वापराल त्यांना कमीत कमी त्रास होईल असे करा. आज जगभरच्या प्रयोगशाळा याच तीन सूत्रांची भाषा बोलतात.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. 1998 साली प्राण्यांच्या प्रयोगांविषयीचे सविस्तर नियम झाले. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील चिरफाड थांबवण्यास सांगितले. तुमच्या शाळेतल्या वडीलधाऱ्या शिक्षकांनी बेडूक, झुरळ, गांडूळ हे सारे उघडून पाहिले असेल. आता ते होत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातही प्राण्यांवरचे प्रयोग संगणकाच्या साहाय्याने आणि चित्रफितींतून दाखवावेत, असे ठरले. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत तयार झालेली 'एक्सफार्म' ही संगणक-आज्ञावली त्यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात.

हे योग्यच झाले. बाराजणांपायी एक उंदीर, अशा हिशेबाने दरवर्षी देशभर जे चालले होते, ते थांबायलाच हवे होते. पण येथे एक गोष्ट निसटली, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याने पुस्तके, प्रतिकृती आणि चित्रपट अशी तीन साधने सांगितली होती. पुस्तके होतीच, चित्रपट आले. मधली प्रतिकृती मात्र कोणाला आठवली नाही.

पडद्यावर उंदीर येतो, कळ दाबली की सुई आपोआप नीलेत जाते, आलेख उमटतो. औषधाने रक्तदाब का वाढला, का उतरला, हे त्यातून फार छान कळते. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा कितीतरी छान. परंतु हाताला काय कळले? काहीच नाही. पडद्याने डोळा शिकतो, हात अडाणीच राहतो. मग हा विद्यार्थी पुढे पदव्युत्तर संशोधनाला जातो किंवा हैदराबाद, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे एखाद्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागतो. तेथे खरे उंदीर असतात, खरे प्रयोग असतात. त्याच्या हातची पहिली सुई तेथे टोचली जाते. महाविद्यालयातला उंदीर वाचला, पण हाल टळले का? ते चार-सहा वर्षे पुढे ढकलले गेले आणि तेथे तर चुकीच्या निरीक्षणाचे मोल माझ्या वहीतल्या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

प्रतिकृतीवर हात बसवणे ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सुश्रुतसंहिता उघडावी. सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच 'योग्यासूत्रीय' आहे. योग्या म्हणजे सराव. शिष्याने शास्त्र कितीही ऐकलेले असले, तरी सराव केल्याखेरीज तो प्रत्यक्ष कामाला लायक नाही, असे तेथे बजावले आहे. आणि सराव कशावर करायचा? कापण्याचा कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भोसकण्याचा पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा ताणलेल्या केसाळ कातड्यावर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाएवढ्या बाहुल्यावर. मला यातले कमळाचे देठ फार आवडते. पोकळ, ओलसर, वरून किंचित चिवट. ज्या कोणाला ते प्रथम सुचले, त्याने शिरेत शिरणाऱ्या सुईला काय जाणवते याचा बारकाईने विचार केला असला पाहिजे. चांगली प्रतिकृती दिसायला हुबेहूब असण्यापेक्षा हाताला हुबेहूब लागली पाहिजे, हे त्याला उमगले होते.

आजच्या प्रतिकृती याच तत्त्वावर बनतात. जपानमध्ये बनलेला 'कोकेन रॅट' हा सिलिकोन रबराचा मोठा उंदीर आहे; 'मिमिकी माऊस' हा त्याचा पिटुकला भाऊबंद. अशा प्रतिकृतीचे अंग मऊ असते, मानेची कातडी चिमटीत धरता येते. शेपटीत कातडीखाली बारीक नळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांत तांबडे पाणी भरतात. सुई नेमकी गेली तर तांबडे पाणी तिच्यात डोकावते; चुकली तर काही येत नाही. तोंडावाटे औषध देण्याचा सरावही होतो. त्यासाठी टोकाला गोळी असलेली बोथट नळी अन्ननलिकेत उतरवायची असते. ती चुकून श्वासनलिकेत गेली आणि औषध फुप्फुसात उतरले, तर खरा उंदीर गुदमरून मरतो. रबरी उंदरात ती शंभरदा चुकली तरी बाहेर काढून पुन्हा घालता येते. टोचून टोचून शेपटीची चाळणी झाली की ती काढून नवी बसवायची.

"अहो, पण रबर ते रबरच," असे म्हणणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. रबरी उंदीर घाबरत नाही, अंग आक्रसत नाही, चावत नाही. त्याच्या शेपटीत रक्त वाहत नसते, त्याचे काळीजही धडधडत नसते. म्हणून एकट्या प्रतिकृतीवर शिकलेल्याने लगेच जिवंत प्राण्याला हात घालावा, असे मी म्हणत नाही. आधी प्रतिकृती, मग अन्य कारणाने मेलेला प्राणी, मग दुसऱ्या मंजूर प्रयोगासाठी ज्याला भूल दिलेलीच आहे असा प्राणी आणि शेवटी जागा प्राणी, तोही जाणत्याच्या देखरेखीखाली. या शिडीची पहिली पायरीच आपल्याकडे गायब आहे, एवढीच माझी तक्रार आहे. रबरी उंदीर पोहण्याच्या कोरड्या सरावासारखा आहे, असेही एकाने मला ऐकवले. मी म्हटले, विहिरीत ढकलण्याआधी पाठीला सुका भोपळा बांधतात की नाही?

शिवाय सुई टोचण्याच्याही आधीची एक विद्या आहे, ती म्हणजे धरण्याची. 2010 साली इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर शेपटीला धरून उचलण्याची रीत सर्रास होती. मीही तसाच उचलला होता. त्यांनी काही उंदीर शेपटीने उचलले, काही दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत घेतले, तर काही नळकांड्यात शिरवून उचलले. शेपटीने उचललेले उंदीर माणसाचा हात पाहताच दूर पळत आणि अधिक भेदरलेले राहत. ओंजळीतले आणि नळकांड्यातले त्यामानाने पुष्कळ शांत. आता भेदरलेल्या प्राण्याच्या शरीरात काय घडते? भीतीची संप्रेरके रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर चढते. रक्तदाबावरच्या औषधाची परीक्षा भेदरलेल्या उंदरावर घेतली, तर मोजले काय? औषध की भीती? दयाळूपणा आणि अचूकपणा यांची सांगड घालणारा याहून साधा प्रयोग मला ठाऊक नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. उदगीरला 1987 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडला 1988 पासून आणि लातूरला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही त्या विषयाचे संकुल आहे. एवढे हात येथे तयार होतात. त्यातले उदगीरचे हात तर उद्या देवणी आणि लाल कंधारी गायींना लस टोचणार. 2022 साली लंपीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक गोवंशाला लस टोचावी लागली. ती मानेच्या कातडीखाली द्यायची असते. चिमटीने कातडी उचलून सुई त्या घडीत सरकवायची. शेतकरी दावे धरून शेजारी उभा असतो आणि त्याचे डोळे जनावराकडे कमी, टोचणाऱ्याच्या हाताकडे जास्त असतात. जनावर एकदा भडकले की पुढच्या वेळी तो डॉक्टरांना गोठ्यात बोलावताना दहा वेळा विचार करतो. मानेच्या कातडीची रबरी घडी बनवणे काही अवघड नाही.

प्रतिकृती परदेशातून मागवायच्या म्हटले तर महाग पडतात, हे खरे. म्हणून माझे सांगणे असे की त्या येथेच बनवाव्यात. नांदेडच्या विष्णुपुरीत 1981 साली सुरू झालेले श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि विद्यापीठही त्याच बाजूला आहे. एकाला साचे बनवता येतात, दुसऱ्याला शरीररचना ठाऊक आहे, तिसऱ्याला प्रतिकृतीची गरज आहे. तिघांनी एका दुपारी एकत्र बसून चहा घेतला तर शेपटीचा साचा ठरून जाईल! त्रिमितीय छपाईची यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत, सिलिकोन रबर बाजारात मिळते, बारीक नळ्याही मिळतात. पहिली शेपटी ओबडधोबड होईल. होऊ द्या. विद्यार्थ्यांनी बनवलेली आणि विद्यार्थ्यांनीच टोचून टोचून सुधारलेली शेपटी तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागली तरी हरकत नाही. अभियांत्रिकीच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा असतो. दरवर्षी तेच ते विषय पाहून परीक्षकही कंटाळलेले असतात.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पाऊस मोजण्याचे यंत्र यांच्या शेजारी एखादी 'हाताच्या सरावाची प्रतिकृती' ठेवता येईल काय? शाळेत अर्थातच सुई नको. विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही निक्षून सांगतो, औषधाच्या दुकानातून सुया आणून काहीही करू नका. न प्राण्यावर, न बाहुलीवर. उकिरड्यावर पडलेल्या सुईला तर बोटही लावू नका. सुईआधीची धरण्याची विद्या मात्र तुम्ही आजच शिकू शकता. तिला उंदीरही लागत नाही.

आईकडून जुन्या मलमलीचा किंवा झिरझिरीत धोतराचा तुकडा मागून घ्या. किराणा दुकानात किंवा सोनाराकडे जाऊन पंचवीस ग्रॅम गव्हाचे पीठ मोजून आणा. कापडाची बोटभर लांब पिशवी शिवून त्यात पीठ भरा आणि तोंड शिवून टाका. हवी तर सुतळीची शेपटी लावा. पिशवी बाहेरून झटकून साफ करा. हा तुमचा पिटुकला उंदीर. टेबलावर काळा कागद अंथरा. डाव्या हाताने उंदीर कागदावर अलगद, पण निसटणार नाही असा धरून ठेवा आणि उजव्या हाताने ठिबकणीने शेजारच्या बशीत पाण्याचे एकेक थेंब सोडून वीस थेंब मोजा. वीस थेंब म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. मोजण्याच्या नादात डावी मूठ आवळली जाते आणि कापडातून पीठ कागदावर उतरते. पिशवी उचला, कागदाकडे पाहा. जेवढा पांढरा डाग, तेवढा उंदीर चेंगरला. दोघांनी मिळून करा. एकाने धरायचे, दुसऱ्याने डागाची लांबी-रुंदी मोजून वहीत तारीखवार लिहायची. पंधरा दिवसांनी तो आकडा कोठे येतो ते पाहा. आणि वहीत लिहिताना, जे दिसले तेच लिहा.